मसाई पठारावरची शेगडी: काय न्यावं, काय कोल्हापुरातच ठेवावं

पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर स्वतः रांधून खायचं असेल तर शेगडी मसाई पठाराकडे बघून घ्या. बाकीच्या वाटेवर कुठलीही चालते. म्हाळुंग्याच्या पुढे पठार सुरू झालं की वारा अडवायला ना झाड ना बांध, आणि नेमका स्वयंपाकाच्या वेळी तो जोर धरतो. दुकानात ‘वाऱ्याचं काय टेन्शन घेऊ नका, जाळी आहे की बर्नरला’ असं सांगून जी घडीची चिमुकली शेगडी गळ्यात मारली जाते, तिच्यावर इथे चौघांच्या चहाला उकळी फुटायला वीस मिनिटं लागली. आडोशाला तेच काम पाच मिनिटांचं आहे. खोक्यावरच्या किलोवॅटच्या आकड्याला भुलू नका. ज्योत भांड्याखाली टिकतच नसेल तर तीन किलोवॅट काय नि पाच काय.

गॅसच्या डब्याच्या डोक्यावर थेट बसणारी शेगडी पठारासाठी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. ती उंच असते, त्यामुळे वारा पुरता लागतो. जांभ्याच्या खडबडीत कातळावर डबा सरळ बसत नाही, वर तीन लिटरचा कुकर ठेवला की सगळं डुगडुगतं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला चहूबाजूंनी आडोसा करता येत नाही. पत्रा गुंडाळला की भांड्याखालून परतणारी आच डब्यावर येते, डबा तापतो, आतला दाब वाढतो. डब्याला अधूनमधून हात लावून बघा: तो गारच लागला पाहिजे. कोमट लागला तरी शेगडी लगेच बंद करायची.

आडवा डबा पोटात घेणारी चौकोनी शेगडी गाडीने जाणाऱ्यांसाठी उत्तम. बुड रुंद, कुकर ठाम बसतो, आणि बर्नर खोलगट असला तर वाराही कमी लागतो. पण तिच्यावर भाकरीचा मोठा तवा किंवा लांब ग्रिलची प्लेट ठेवू नका. डब्याच्या खणावर जाईल एवढं रुंद भांडं खालचा डबा तापवतं. चांगल्या शेगडीत दाब वाढला की गॅस आपोआप तुटतो. दुकानदाराला ती सोय दाखवायला सांगा. नसेल तर परत ठेवा. दोन शेगड्या चिकटून मांडून त्यावर एकच मोठं पातेलं ठेवणं हाही त्यातलाच जिवावरचा प्रकार.

पायी जाणाऱ्यांनी नळीची शेगडी घ्यावी. बर्नर जमिनीलगत, डबा हातभर लांब, त्यामुळे बर्नरभोवती आडोसा बिनधास्त करता येतो. डबा मात्र आडोशाच्या बाहेरच ठेवायचा.

आता डब्याविषयी, कारण फसवणूक इथेच होते. आपल्याकडे सर्रास मिळतो तो लांबट, खिळ्यासारख्या नोझलचा, साधारण २२० ग्रॅम ब्युटेनचा डबा. त्याच्या तोंडाच्या कड्याला एक खाच असते. डबा आडवा ठेवताना ती खाच वरच आली पाहिजे, कारण आतल्या नळीचं तोंड खाचेच्या बाजूला वळलेलं असतं. खाच वर असली की नळी वाफ ओढते, खाली गेली की द्रवरूप गॅस ओढते आणि बर्नरमधून फूटभर पिवळा भडका उठतो. चौकोनी शेगडीत खाच आपोआप जागेवर बसते. अडॅप्टर लावून नळीच्या शेगडीला जोडलेला डबा मात्र लोक कसाही आडवा टाकतात. तो उभाच ठेवा.

दोन-सव्वादोन किलोवॅटच्या बर्नरवर पूर्ण ज्योतीला हा डबा सव्वा तास चालतो. आडोशाला एक लिटर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. दोन वेळचा चहा, रात्रीचा रस्सा-भात, सकाळचे पोहे एवढं चौघांचं एका डब्यात बसतं, मटण कुकरमध्ये शिजवलं तरच. उघड्या पातेल्यात मटण शिजवायला बसाल तर डबा त्यातच संपेल. उघड्या वाऱ्यात हा सगळा हिशेब दुप्पट-तिप्पट धरा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे पठारावरच्या थंडीत तो पेटणार नाही ही भीती नको. पण गॅस निघताना डबा स्वतःच गार पडत जातो आणि पंधरा-वीस मिनिटांनी ज्योत मंदावते. डबा संपला असं समजून फेकू नका. उथळ थाळीत बोटाला सोसेल इतपत कोमट पाणी घेऊन त्यात उभा करा, ज्योत परत धरते.

डबे कोल्हापुरातच घ्या आणि आपल्या गाडीतून न्या, एसटीत ज्वालाग्राही माल चालत नाही. पन्हाळ्याजवळच्या एका कॅम्पवर छापील किमतीच्या दुप्पट पैसे मागितले, आणि डबाही पुन्हा भरलेला निघाला. टोपणाखालचं नोझल ओरखडलेलं, कड्याला गंज. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहेच, पण पुन्हा भरलेला डबा त्याहून वाईट. त्यात घरगुती सिलिंडरचा गॅस भरतात. त्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो आणि त्याचा दाब ब्युटेनपेक्षा कितीतरी जास्त. पातळ पत्र्याचा हा डबा त्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. संशय आला तर घेऊ नका, मग उपाशी झोपायची वेळ आली तरी चालेल.

आडोशासाठी तयार पातळ ॲल्युमिनियमची घडी मिळते, ती पठारावर उडून जाते. तिच्या खुंट्या कातळात शिरतच नाहीत. त्यापेक्षा शिवाजी उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या: एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचे १५ सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर उंच सहा तुकडे, बिजागऱ्यांनी जोडलेले, खालच्या कडेला हवेसाठी बोटभर भोकांची ओळ. दोन्ही टोकांच्या तुकड्यांना तळाशी बाहेर वळवलेली पट्टी ठेवायला सांगा, त्यावर दगड ठेवला की काम झालं. भांडं आणि पत्रा यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळं सोडा. वाऱ्याने हैराण होऊन तंबूत शेगडी पेटवायचा मोह होईल, तो आवराच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

ग्रिल पायी नेऊ नका. घडीच्या स्वस्त ग्रिलचा पत्रा निखाऱ्यांच्या आचेने पहिल्याच दिवशी वाकतो. ट्रेला भोकं कमी असली की कोळसा गुदमरतो. जाळी आणि निखाऱ्यांत जेमतेम चार बोटं अंतर, म्हणून कोंबडी बाहेरून काळी आणि हाडाशी कच्ची. अंतर दहा-बारा सेंटिमीटर हवं. जाळी स्टेनलेस सळ्यांची घ्या, जस्ताचा मुलामा असलेली कधीच नको. तापल्यावर तिचा धूर बाधतो. किलोभर कोंबडीला साधारण किलोभर कोळसा लागतो. तो रॉकेलने पेटवला तर सगळ्याला वास लागतो, करवंट्या आणि कापूर पुरतात. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत अर्धा तास थांबायचं. कांदा-लसूण मसाला आधीपासून चोपडू नका. त्यातलं खोबरं, तीळ, मिरची करपून कडू होतात. आधी दही, आलं-लसूण, हळद, मीठ एवढंच लावा. मसाला तेलात कालवून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत.

हे सगळं पन्हाळ्याच्या आसपास, गाडी उभी राहते तिथे. पठारावर नाही. पावसाळा सरला की तिथलं गवत वाळतं आणि एक ठिणगी पुरते. शिवाय निखारे नीट विझवायला लागणारं पाणी पाठीवरून वर न्यावं लागतं. राधानगरी अभयारण्यात जाणार असाल तर आग पेटवायला कायद्यानेच मनाई आहे.

कुंभारवाडी, खोतवाडीच्या पुढची वाट सोपी. वस्त्या लागतात, वारा पडतो, भिंतीच्या आडोशाला कुठलीही शेगडी चालते.

सोबत डबा आणि शेगडीच्या जोडाची रबरी रिंग जादा ठेवा. जोड हातानेच आवळा, पक्कड लावली की रिंग चेपते आणि गॅस गळतो. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. दमट हवेत ठिणगीचं बटण दगा देतं, म्हणून काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. रिकामे डबे शेकोटीत टाकू नका, आत उरलेला थोडा गॅसही डबा फोडतो. ते परत कोल्हापुरात आणायचे.