कापूर, डांबरगोळ्या आणि डाव्या लॅपेलवरचे वलय

फेब्रुवारीच्या नोंदीत मी मोठ्या खात्रीने लिहिले होते की, १९३६च्या डिनर जॅकेटचा कसरीपासून (लोकर खाणाऱ्या किडीपासून) बंदोबस्त पक्का झाला असून आता पावसाळ्यापर्यंत त्याच्याकडे पाहण्याची गरज नाही. ते वाक्य आज मागे घ्यावे लागत आहे. मेच्या अखेरीस मांजरपाटाची पिशवी उघडली, तेव्हा डाव्या लॅपेलच्या, म्हणजे छातीवर उलटवलेल्या कॉलरपट्टीच्या, रेशमावर, काजाच्या दोन बोटे खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा तेलकट डाग पडलेला होता आणि हँगरच्या मानेला बांधलेली डांबरगोळ्यांची पुरचुंडी ओलीचिंब होऊन त्याच जागी टेकली होती.

दोष सर्वस्वी माझा आहे. डांबरगोळ्यांचा उग्र वास सौम्य व्हावा म्हणून मी त्याच पुरचुंडीत भीमसेनी कापराचे चार खडे टाकले होते आणि पहाराही दुहेरी झाला अशी स्वतःची समजूत घातली होती. डांबरगोळ्यांतले नॅप्थलीन ८० अंश सेल्सिअसला वितळते, कापराला तर १७५ अंशांच्या आसपास जावे लागते. परंतु दोन्ही एकमेकांना खेटून राहिले की त्यांचे मिश्रण तिशीच्या जरासे वर गेल्यावरच पाघळू लागते, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले आमचे लोखंडी कपाट मुंबईच्या मे महिन्यात दुपारी किती तापते हे निराळे सांगायला नको.

दोन्ही पदार्थ हवेत उडून जाणारे असल्यामुळे मी आधी काहीच केले नाही. जॅकेट चार दिवस पंख्याखाली, उन्हापासून दूर टांगले आणि ओलसरपणा खरोखरच गेला. मागे राहिले ते वलय. नव्वद वर्षांत त्या रेशमात जो काही घाम, धूळ आणि मेणचटपणा मुरला होता, तो या द्रवात विरघळून कडेला सरकला आणि तिथेच तपकिरी रेघ होऊन बसला. सपाट साटिन असते तर गोष्ट सोपी होती. पण हे ग्रोग्रेन, म्हणजे आडव्या उंचवट्यांच्या विणीचे रेशीम आहे, त्याच्या आडव्या धाग्यांमधल्या खाचांत मळ असा काही जाऊन बसतो की भिंगातून पाहिल्यावर शेताच्या सऱ्यांत गाळ साचल्यासारखा दिसतो.

पेट्रोल वॉशला देण्याचा सल्ला दोघांनी दिला. गेल्या वर्षी माझ्या क्रीम रंगाच्या जॅकेटचा लॅपेल एका लाँड्रीने इस्त्रीखाली पापडासारखा सपाट करून परत दिला, ती हकीकत आपण वाचलेलीच आहे. ज्या लॅपेलचा गोलवा शिंप्याने हाताने घडवला आहे, तो मी पुन्हा कोणाच्या इस्त्रीखाली जाऊ देणार नाही. पाणी आणि वाफ तर या रेशमाला लावायचीच नाही, कारण पाण्याचा डाग तेलाच्या डागापेक्षाही हट्टी ठरतो.

म्हणून डाग काढायचे व्हाइट पेट्रोल आणले, लॅपेलच्या आत वळलेल्या, न दिसणाऱ्या पट्टीवर रंग उतरत नाही याची खात्री केली आणि गॅलरीत बसून, घरातला गॅस बंद ठेवून, कापसाच्या बोळ्याने धाग्यांच्या दिशेने हलके हलके टिपायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी वलय नाहीसे झाले असे वाटले. पेट्रोल उडून गेल्यावर ते परत आले आणि आधीपेक्षा दोरीभर मोठे झाले. दुसऱ्या रविवारीही तेच. मग लक्षात आले की पेट्रोल मळासकट रेशमाखालच्या कॅनव्हासमध्ये (लॅपेलला आकार देणाऱ्या आतल्या कापडात) उतरते आणि वाळताना तोच मळ घेऊन वर येते. वरून कितीही टिपले तरी खाली शोषून घेणारे काही नसेल, तर मी मळाला केवळ फिरायला नेत होतो.

उपाय सुचला, पण तो करायला धीर गोळा करावा लागला. आतल्या बाजूने अस्तर जिथे हाताने टाचलेले आहे, तिथली ११ सेंटिमीटर शिवण मी ब्लेडने एकेक टाका करून उसवली आणि रेशीम व कॅनव्हास यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या आधाराने टीपकागद सरकवला. त्या फटीतून कॅनव्हासवरचे तिरके, तांदळाच्या दाण्याएवढे शेकडो टाके दिसले. प्रत्येक टाक्यात कापड किंचित ओढून घेतलेले होते. लॅपेलचा सारा डौल त्या टाक्यांत आहे हे पुस्तकी ज्ञान मला होतेच, पण तो उलगडून पाहण्याचा योग प्रथमच आला आणि अर्धा तास मी डाग विसरलो होतो.

तिसऱ्या प्रयत्नात टीपकागदावर चहाच्या रंगाचा ठसा उमटला. कागद पाच वेळा बदलला. पाचवा जवळजवळ कोरा निघाला. आता ट्यूबलाइटखाली लॅपेल तिरका धरला तरच वलयाची एक चतकोर कड दिसते.

कसरीचा प्रश्न मात्र पुन्हा उघडा पडला आहे. लोकर खाते ती अळी, पतंग नव्हे. तेव्हा वासाने पतंग पळवण्यापेक्षा अंडी आणि अळ्या मारणे शहाणपणाचे. जॅकेट पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचे आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी न उघडता राहू द्यायचे, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरते, असा बेत ठरला होता. घरच्या फ्रीझरमध्ये आमरसाचे डबे असल्यामुळे तो श्रावणापर्यंत लांबला आहे. तोवर वेखंडाची पूड, वेगळ्या पुरचुंडीत आणि कापडाला न टेकता, एवढ्यावर भागवत आहे. तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही.

बुरशी धरू नये म्हणून मशीद बंदरहून ओल शोषणारे नारिंगी सिलिका जेल आणले. निळे स्वस्त मिळते, पण त्यात कोबाल्ट असते आणि ते घरात तापवून पुन्हा वापरणे मला नको वाटते. कपाटातली आर्द्रता ७८ टक्क्यांवरून ६१ वर आली आहे. ती ६० च्या खाली राहावी एवढीच अपेक्षा आहे. जॅकेटखाली घालायच्या मार्सेला (उठावदार विणीच्या सुती) शर्टाची खळ धुऊन काढली आणि तो बिनखळीचाच ठेवला, कारण खळीवर झुरळेही येतात.

उसवलेली शिवण आज शिवणार होतो, पण हे लिहितानाच वाटले की उजव्या लॅपेलवरही पुरचुंडीची वाफ लागली असेल. उद्या दिवसाच्या उजेडात तो भाग भिंगाखाली पाहीन; तोवर सुई-दोरा टाचणीच्या उशीत तसाच खोचून ठेवला आहे.