किती नाटकां बघलंस?

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. वेंगुर्ला.

रात्रीचे सव्वाबारा. फोन उशीखाली ठेवला आणि दहा मिनिटांत परत काढला. म्हणून आता ही वही घेतलीय. लिहिताना निदान हात तरी गुंतलेला राहील.

दशावतार म्हणजे आमच्याकडे जत्रेत रात्रभर देवळात चालणारं नाटक. त्याच्या प्रेमींचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चारशेच्या आसपास माणसं. बायका वीस-बावीस, त्यातल्या बोलणाऱ्या दोघी-तिघी. त्रिपुरी पौर्णिमा होऊन जत्रा सुरू झाल्या की ग्रुप रात्रभर जागा. आज कुठे मोचेमाडकर मंडळ, कुठे पार्सेकर मंडळ, आरोलकरांचा राजा बरा की खानोलकरांचा, काल कोणाच्या पखवाजाने देवळाची कौलं हलवली. भांडणं रोजची, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडतात. माणसं राक्षसाच्या हसण्यावरून दोन-दोन दिवस हमरीतुमरीवर येतात, ह्यात वाईट काय आहे?

आज संध्याकाळी कोणीतरी एका महिला मंडळाच्या नाटकाची चाळीस सेकंदांची क्लिप टाकली. बायकांची दशावतारी मंडळं आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यात आता नवल नाही. क्लिपमध्ये राक्षस प्रवेश करतो, म्हणजे करते, तीन गिरक्या घेते आणि तिसरीला पाय अडखळतो. खाली हसऱ्या तोंडांची रांग. "राक्षस हसता काय खोकता?" "चुलीवर भात करपलो वाटता, म्हणान घाई आसा." "बाईमाणसान दहिकालो घराकडेच करूचो." दहिकालो म्हणजे दशावतारच.

मी क्लिप चारदा बघितली. पाय तिचा चुकलेला नाही. दुसऱ्या गिरकीनंतर पखवाजवाला पळालाय आणि ती बिचारी त्याला गाठायला गेलीय. पखवाजवाला पुरुष. त्याचा अर्धा खांदा दिसतो कोपऱ्यात. मी एवढंच लिहिलं, "लय पखवाजाने सोडली आहे, तिने नाही. आवाज मोठा करून ऐका."

पहिलं उत्तर आलं त्यात मी ताई होते. "ताई, तसा नाय ता." दुसऱ्यात वयनी झाले. "वयनी, तुमका ह्यातला कळाचा नाय." तिसऱ्यात मॅडम. आणि चौथ्यात, "गो, तू किती नाटकां बघलंस?" पाऊण तासात ताईची गो झाले. लयीबद्दल मात्र एकानेही शब्द काढला नाही.

मग परीक्षा सुरू झाली. "दशावतार कोकणात कोणी हाडलो, ता सांग आधी." सांगितलं. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळ्यांनी १७२८ मध्ये आणला असं म्हणतात, पण रामदास सतराव्या शतकातच गेले आणि दशावतारी खेळांचं त्यांनी आधीच लिहून ठेवलंय, की सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण ते सगळे धटिंगण! तेव्हा १७२८ वर पैज लावू नका. ह्यावर दोन मिनिटं शांतता. नंतर पुढचा प्रश्न, आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, कोणानंतर कोण येतं. तेही सांगितलं. गेल्या महिन्यात एका बाप्याने संकासुराला हिरण्यकश्यपू करून टाकलं होतं. कोणी त्याला विचारलं नाही, बाबा रे, तू किती बघितलीस.

आणि मग मी ते केलं ज्याची आत्ता लाज वाटतेय. कपाटातून वह्या काढल्या, पलंगावर मांडल्या, फोटो काढला आणि खाली आकडा लिहिला. २१२.

उत्तर लगेच आलं.

"मगे घराकडली कामां कोण करता?"

हे कूस बदलून म्हणाले, "सोड गो, रिकामटेकडे आसत." त्यांचं बरोबर आहे. पण त्यांना सोडणं सोपं आहे, कारण त्यांना कोणी धरलेलंच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

कारखान्यात दोन पिंपांची वजनं उलटी लिहिली. काजूगराचा भाव माहीत असलेल्याला कळेल, पांढरा अख्खा आणि तुकडा ह्यांची अदलाबदल म्हणजे काय. मालकांनी बघायच्या आत दुरुस्त केलं. ही त्या दोन तासांची किंमत, आणि ती मी भरली, त्यांनी नाही. वाद घालावा की नाही ह्यावर लोक तत्त्वाच्या गोष्टी सांगतात. मला आधी हे पिंप दिसतं.

जेवणाच्या सुट्टीत गर सोलणाऱ्या बायकांत महिला क्रिकेट विश्वचषकाचा विषय निघाला. २ तारखेला नवी मुंबईत पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८ आणि वर दीप्तीच्याच ५ विकेट्स. त्या रात्री माझ्या भाच्याने "आपल्या पोरी" म्हणून झेंडे टाकले होते. साखळीतले तीन सामने लागोपाठ हरल्या होत्या तेव्हा त्याच हातांनी लाटण्याचं चित्र टाकलं होतं. त्याला आठवतही नसेल. एक काकी हसून म्हणाली, "जिकल्यार आपली, हरल्यार बायल."

पण माझ्या डोक्यात दिवसभर वह्या होत्या. त्या मी का सुरू केल्या ते त्या फोटोत कुठे दिसतं?

आमच्या लहानपणी देवळात बाप्ये पुढे आणि बायका एका अंगाला, खांबांच्या आड. पालखी फिरून नाटक उभं राहीपर्यंत मध्यरात्र. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद चोरणारा संकासुर, त्याचा वध, आणि त्यानंतर खरं आख्यान. आख्यानाला रंग चढायचा तीनच्या पुढे. आणि तीनला आई उठायची. म्हशीचं दूध, चूल, आजीची औषधं. ती एकटी नाही, अर्धा बायकांचा घोळका उठायचा. बाबा राहायचे, त्यांच्या मांडीवर झोपलेली मी राहायचे.

सकाळी आई विचारायची, "मगे फुडे काय झाला?" बाबा म्हणायचे, "काय होतला, देव जिकलो." एवढंच. मी नववीत होते, १९९४ साल, तेव्हा पहिल्यांदा शेवटापर्यंत जागी राहून लिहून आणलं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे त्या रात्रीचं त्या रात्रीच गेलं. राजा काय बोलला, द्रौपदीने काय उत्तर दिलं, रिकाम्या बाकड्याचं सिंहासन कसं झालं, सगळं. आई चुलीपुढे बसून ऐकायची. द्रौपदीच्या जागी मला रडायला लावायची, "तशीच रड, तो कसो रडलो तशी." तो, म्हणजे स्त्रीपार्टी करणारा नट. त्याला मी रंगपटात दाढी दोनदा घोटून, बिडी विझवून, नऊवारीचा काष्टा घालताना बघितलं होतं, आणि उजेडात आल्यावर तोच माणूस असं मान तिरकी करून बघायचा की आमच्या वाडीतल्या कुठल्याच बाईला ते जमलं नसतं. त्याच्यावर माझंही प्रेम आहे. ग्रुपवर त्याच्यासारख्यांवर पानंच्या पानं लिहितात, पदर कसा, हुंदका कसा, "बायकांपरीस बाई". पुण्या-मुंबईच्या बायका बालगंधर्वांची नथ आणि पातळाची ढब उचलायच्या म्हणतात, तसलंच आमचं. मग बाप्याने बाई केली तर कला आणि बाईने राक्षस केला की करपलेला भात, हे कसं?

तर "किती नाटकां बघलंस" ह्या प्रश्नाला आई काय म्हणाली असती? जत्रेला दरवर्षी गेली ती, पण पूर्ण नाटक तिने बहुतेक एकही बघितलं नाही. तिचा आकडा शून्य. आणि संकासुराची प्रत्येक उडी तिला पाठ होती. २१२ लिहून मी त्या परीक्षेला बसले, म्हणजे आईला नापास करून आले. ते मला काल रात्री कळलं नाही, आज वजनं लिहिताना कळलं.

असं ठरवतेय, टिकेल की नाही माहीत नाही, की लयीबद्दल कोणी चुकीचं बोललं तर बोलायचं. माझ्याबद्दल बोललं तर फोन उलटा ठेवायचा.

संध्याकाळी ॲडमिन अण्णांनी दोन्हीकडचे मेसेज उडवले. "ग्रुपवर वाद नकोत, सगळी आपलीच माणसां." क्लिप मात्र तशीच आहे. एका गृहस्थाचा खाजगीत निरोप, "बरा केलास, पण ग्रुपवर माका बोलाक जमणा नाय." ठीक.

आणि कणकवलीकडच्या एका कॉलेजातल्या मुलीचा. मला वाटलं हीसुद्धा बरं केलंस म्हणेल. तिने विचारलं, "ताई, माझे आजोबा संकासुर करायचे. तुमच्या वहीत कुठे असतील का?" गाव सांगितलं, साल साधारण. रात्री शोधलं. सापडलं. २००६, तिसरी वही. "संकासुर – नाव कळले नाही. म्हातारा, पण कमरेत जोर. पोरं घाबरून पळाली." पानाचा फोटो पाठवला. तिने अजून पाहिलेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. म्हणजे सोमवारची पहाट.

जत्रेहून आत्ताच आले. तो तिथे होता. प्रोफाइलच्या फोटोवरून ओळखला, घरकामाचं विचारणारा. पंचेचाळिशीचा, कानावर पेन, देवळाच्या आवारात खुर्च्या लावत होता. मी खांबाकडे निघाले होते. म्हणाला, "वयनी, हय बसा. हयसून पखवाज बरो आयकाक येता." चेहऱ्यावर काही नाही. त्याने मला ओळखलं की सगळ्यांनाच असं सांगत होता, कळेना. मी बसले. खरंच चांगली जागा होती, पेटीवाल्याच्या उजव्या हाताला.

तीन वाजता बायका उठू लागल्या. शालीत गुंडाळलेली पोरं, हातात चपला, पुढच्यांचा आडोसा होऊ नये म्हणून वाकून. मी मोजल्या. एकतीस. पुढे आख्यान साडेपाचपर्यंत चाललं, राक्षस बरा होता, दुसऱ्या गिरकीला जरा घाई केली त्याने.

वहीत नेहमीसारखं लिहिलं, तारीख, गाव, मंडळ, आख्यान, कोणी काय केलं. खाली एक ओळ जास्तीची, आजवर कधी लिहिली नव्हती. "तीन वाजता उठून गेल्या – ३१."