दादरची खोली

कोकमाचा धंदा घरच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, सुरू केला तेव्हाच कळलं होतं की वेंगुर्ल्यात बसून दोन पैसे सुटणार नाहीत. आमसुलासाठी साल रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. मेअखेरीस वळवाचा पाऊस आला की सगळं अडतं. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो नेमका तेव्हाच भाव पाडतो. मुंबईच्या दुकानदाराला थेट माल द्यायचा, असं मी ठरवलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "खंय रवतलंस?" कुठे राहशील?

आधीच्या पिढीतले पुरुष लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकत. बाईमाणसाची तिथे सोय नव्हती. पहिल्या दोन खेपा मी नणंदेकडे काढल्या. दहा बाय बाराची खोली, भाचीची दहावी आणि दारात माझे आगळाचे, म्हणजे कोकमाच्या रसाचे, कॅन. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मलाच ते बघवेना.

तिसऱ्या खेपेला पहाटे कोकणकन्येतून दादरला उतरले आणि लॉज शोधू लागले. "एकट्या लेडीजला रूम देत नाही," पहिल्या मॅनेजरने मान वर न करता सांगितलं. दुसरीकडेही तेच. मी धंद्याला आले होते, कसली लाज बाळगायची मला? तरी डोळ्यांत पाणी आलंच. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या काकांनी मतदार ओळखपत्र पाहिलं, रजिस्टर पुढे केलं आणि कॅन उचलायला पोऱ्याला हाक मारली. बाथरूम कॉमन, सकाळी गरम पाण्याची एक बादली, पण दाराची कडी आतून घट्ट बसणारी. मला तेवढंच हवं होतं.

शिवाय तिथे चेक-आऊट २४ तासांचं. कोकणातून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याने भाड्याच्या आधी हे विचारावं. दुपारी बाराचं चेक-आऊट असेल तर पहाटे शिरणाऱ्याला दुपारीच दुसऱ्या दिवसाचं भाडं लागू शकतं. मी पहाटे शिरायचे, दादर, गिरगाव, पार्ले करायचे, दुपारी दुकानं थंड असताना खोलीवर बिलं लिहायचे आणि रात्रीच्या कोकणकन्येने परत. अख्ख्या खेपेला एकच भाडं.

एकदा कॅनचं झाकण सैल निघालं. चादर, फरशी, सगळं लालभडक. चादरीचे पैसे भरले, फरशी स्वतः पुसली. तेव्हापासून प्रत्येक कॅन रात्रभर आडवा ठेवून पाहिल्याशिवाय आमच्याकडून माल बाहेर जात नाही. दुकानदार आज आमच्या पॅकिंगचं कौतुक करतात, ते तिथून आलं.

हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला आधी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. आमच्यासारख्यांच्या हिशोबात हा फरक दिसतो.

आता माल ट्रान्सपोर्टने जातो, पण नवं दुकान समोर बसूनच मिळतं. गेल्या खेपेला कामावरच्या दोघी पहिल्यांदाच माझ्याशिवाय गेल्या. आदल्या दिवशी मी काउंटरवर फोन करून दोघींची नावं सांगून ठेवली. परत आल्या त्या पार्ल्यातल्या दोन नव्या दुकानांची ऑर्डर घेऊन.