तुम्ही विचारलंत म्हणून: एकच आकडा का देत नाही?

मी संगणकावर रेणूंची गणितं करते. ‘हा रेणू किती ॲरोमॅटिक आहे (म्हणजे त्याच्या वलयात इलेक्ट्रॉन किती मोकळे पसरून त्याला स्थिर करतात) ते एका आकड्यात सांग ना.’ प्रयोग करणारे मित्र विचारतात, विद्यार्थी विचारतात, रिव्ह्यूअर तर हमखास. ‘कशाने मोजून हवाय?’ असं मी म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. (शेजारच्या काकूंना मी अत्तरांवर काम करते असं वाटतं. त्यांच्याशी बोलणं त्या मानाने सोपं.)

टाळत नाही हो. आकडे खंडीभर आहेत. बंधांच्या लांबीवरून हवा असेल तर १९७२चा होमा आहे. वलयाच्या मध्यावर घोस्ट ॲटम (नुसता कल्पित बिंदू, खरा अणू नव्हे) ठेवून चुंबकीय शील्डिंग, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र तिथे किती अडतं ते, काढायचं असेल तर श्लेयर यांचा १९९६चा निक्स; तो जितका ऋण, तितकं वलय ॲरोमॅटिक. बेंझीनला (सहा कार्बनचं वलय, ॲरोमॅटिकचा नमुनाच) होमा जवळजवळ १ देतो, म्हणजे पूर्ण ॲरोमॅटिक, आणि निक्स उणे १०च्या आसपास. तिथे दोघांचं गूळपीठ. पण तीन कार्बनच्या सायक्लोप्रोपेनच्या मध्यावर निक्स उणे ४०च्याही खाली जातो. मग तो बेंझीनच्या चौपट ॲरोमॅटिक का? नाही, त्या चिमुकल्या वलयातले सिग्मा बंध (अणूंना थेट जोडणारे, वलयभर न पसरणारे) आकड्यात घुसतात. म्हणून प्रतलापासून एक अँगस्ट्रॉम वर जाऊन मोजायचं. झाला ना आणखी एक आकडा?

आणि एकदा मी एकच आकडा दिला होता. तेही सांगते.

२०१८मध्ये मी सी-१८वर काम करत होते. अठरा कार्बनचं नुसतं कडं, हायड्रोजन एकही नाही. पाय इलेक्ट्रॉनांचे (वलयभर पसरू शकणाऱ्यांचे) दोन संच, एक वलयाच्या प्रतलात, दुसरा त्याला काटकोनात, प्रत्येकात १८. पाय इलेक्ट्रॉन किती असले की वलय ॲरोमॅटिक, हे सांगणाऱ्या हकेलच्या ‘चार एन अधिक दोन’मध्ये दोन्ही चपखल बसतात. बी-थ्री-लिप या गणिताच्या लोकप्रिय पद्धतीने भूमिती काढली तर सगळे बंध सारखे आले. निक्स ठणठणीत ऋण, तोच एक आकडा मी दिला. सेमिनारमध्ये कुणीतरी विचारलं, ‘बंध आलटून पालटून लहानमोठे नसतील कशावरून?’ मी हसून म्हटलं, ‘तो हार्ट्री-फॉकचा जुना भ्रम आहे.’ (हार्ट्री-फॉक ही त्याहून जुनी, साधी पद्धत.) हशा पिकला.

खरं म्हणजे हार्ट्री-फॉकचं गणित मी स्वतः करून पाहिलं होतं. आले होते आलटून पालटून. फाइलचं नाव मी ‘जुनं’ ठेवलं आणि गप्प बसले. कपल्ड क्लस्टर या जास्त अचूक पद्धतीने गणित करणारेही तेच सांगत होते, तेही वाचलं होतं.

ऑगस्ट २०१९मध्ये ऑक्सफर्ड आणि झुरिकच्या आयबीएम लॅबचं चित्र आलं. तांब्यावर मिठाचा पातळ थर, ५ केल्विन तापमान, त्यावर मोठ्या रेणूतून कार्बन मोनॉक्साइड काढून टाकत घडवलेलं सी-१८. आणि कड्यावर नऊ ठळक ठिपके. अठरा नव्हे, नऊ. नऊ तिहेरी बंध, म्हणजे आलटून पालटूनच. बसमध्ये मोबाइलवर ते मोठं करकरून पाहिलं आणि माझा थांबा मागे गेला. मोजायला काही अक्कल लागत नाही, नऊ म्हणजे नऊ. त्या प्रश्नकर्त्याला मी आजतागायत पत्र लिहिलेलं नाही.

तेव्हाची मी अजून भांडते: बी-थ्री-लिप सगळेच वापरत होते, हार्ट्री-फॉक बंध गरजेपेक्षा जास्त वेगळे पाडतं हेही खरंच. बरोबर. पण बी-थ्री-लिप उलट बाजूला झुकतं, इलेक्ट्रॉन वाजवीपेक्षा जास्त पसरवतं, हेही तुला ठाऊक होतं ना, बाई?

यावर तुम्ही म्हणाल, मग सी-१८ ॲरोमॅटिक नाही, मिटलं. कुठे मिटलं? आलटून पालटून बंध धरूनही निक्स ऋणच राहतो. होमा विचाराल तर १.२२ आणि १.३४ अँगस्ट्रॉमच्या बंधांना तो उणे ३च्या घरात जातो. छान, म्हणजे ॲरोमॅटिक नाही? पण सगळे बंध सारखे, १.२८ धरा, तरी तो उणे २ देतो! कारण सूत्रातली आदर्श लांबी १.३८८ आहे. ती बेंझीनसारख्या वलयांच्या मापाची. सी-१८चे कार्बन त्या जातीचेच नाहीत. मामाच्या मापाने शिवलेला सदरा भाच्याला घालायचा आणि भाचा बेढब म्हणायचं, तसलं हे.

मग निक्सच धरा, असं मला स्वतःला अधूनमधून वाटतं. पण घोस्ट ॲटम प्रयोगात कुणी ठेवू शकत नाही, आणि तोच आकडा मला बी-थ्री-लिपच्या चुकीच्या भूमितीवरही छान ऋण मिळाला होता. चूक असताना त्याने मला थांबवलं नाही.

परवा एका विद्यार्थ्याला हे सगळं लिहून पाठवलं, पद्धत, भूमिती, कुठल्या बिंदूवर, सगळं. त्याचं उत्तर आलं, ‘ओके मॅडम. पण स्लाइडवर हो लिहू की नाही?’ अजून कळवलेलं नाही.