रस्ता एका फ्रेमचा

फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये रिक्षा हलवायची तर आधी रिक्षा विसरायची आणि चाक काढायचं. नुसतं काळं गोल चाक फिरलं काय, न फिरलं काय, दिसायला सारखंच. म्हणून त्यावर चिखलाचा एक डाग. त्याची मूव्ही क्लिप, म्हणजे स्वतःच फिरत राहणारं छोटं चलचित्र, करून लायब्ररीत, म्हणजे फाइलमधल्या चित्रांच्या साठ्यात, टाकायची, तेच चाक रिक्षात दोनदा बसवायचं आणि अख्खी रिक्षा उचलून रस्त्यावर ठेवायची. गंमत अशी, की रस्त्याच्या टाइमलाइनवर, म्हणजे चित्रांच्या पट्टीवर, एकच फ्रेम (एकच चित्र) असली तरी आतलं चाक आपलं फिरतंच. वीस रिक्षा लावल्या तरी फाइलमध्ये चाक एकच. मॉडेमवरच्या संथ इंटरनेटच्या काळात हा हलकेपणा मोठा होता. लायब्ररीत डाग पुसला की विसाच्या वीस रिक्षा धुतल्यासारख्या स्वच्छ!

खरी कसोटी सांध्याची, म्हणजे फेरी संपून पुन्हा सुरू होते त्या जागेची. पहिली आणि शेवटची फ्रेम तंतोतंत सारखी ठेवली की काम झालं असं वाटतं. पण मग तेच चित्र लागोपाठ दोन फ्रेम टिकतं आणि चाल दर फेरीला अडखळते. ती शेवटची फ्रेम सरळ उडवायची.

झाडांचं दुखणं वेगळं. एकच डोलणारं झाड दहा ठिकाणी लावलं, की दहाही झाडं शाळेच्या कवायतीसारखी एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेची एक ओळ लिहून प्रत्येकाला वेगळ्या फ्रेमपासून सुरू करता येतं.

अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर, म्हणजे ब्राउझरमध्ये ही चित्रं चालवणारा भाग, थांबवला. मला त्याचं फार सुतक नाही. सुरक्षेच्या बाबतीत तो चाळणीच होता. चित्रं बनवायच्या फ्लॅश प्रोग्रॅमचं नाव मात्र आता अ‍ॅनिमेट झालं आहे आणि त्यात मूव्ही क्लिप जशीच्या तशी आहे.

माझा आवडता खेळ फेऱ्यांच्या लांबीचा. फांदी आणि दोरीवरचे कपडे दोन्ही २४ फ्रेमचे केले, तर बघणाऱ्याला दोन सेकंदांतच पुनरावृत्ती कळते. त्याऐवजी फांदी २३, दुकानाची लुकलुकणारी पाटी २९ आणि कपडे ३१ फ्रेमचे करावेत. या तिन्हींत एक सोडून कुठलाही सामाईक भाजक नाही. त्यामुळे तिघं पुन्हा पहिल्यासारखे जुळायला २०,६७७ फ्रेम जातात. सेकंदाला १२ या जुन्या फ्लॅशच्या वेगाने जवळजवळ २९ मिनिटं. तेवढा वेळ एका गल्लीकडे बघत कोण बसतंय? आणि हे सगळं करायला काढाव्या लागतात ८३ फ्रेम.