बाटली, वही आणि जॅम कॅलिपर

गाडी टोचन लावून आली तेव्हा तक्रार एवढीच की सकाळी सेल्फ मारमार मारावा लागतो आणि मागच्या सीटखाली पेट्रोलचा वास येतो. स्कॅनर लावला, फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो टक्का, प्लस १८. म्हणजे ईसीयू बिचारा ओरडतोय की मिश्रण पातळ आहे, अजून पेट्रोल द्या. इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवर, रेलवर, प्रेशर गेज लावला तर साडेतीन बारच्या जागी २.४. आमच्या नव्या पोराने लगेच "पंप गेला" म्हणून टाकलं, ही आजकालची पद्धत, उघडायच्या आधीच पार्ट सांगायचा.

मागची सीट काढली आणि टाकीतल्या फ्युएल पंपाच्या झाकणावर पांढरे चकचकीत कण दिसले, मिठासारखे. पंधरा वर्षांत तिथे धूळ, माती, उंदराच्या लेंड्या सगळं पाहिलंय, हे नव्हतं पाहिलं. वास घेतला तर कपाटाचा. डांबराच्या गोळ्या! पेट्रोलमध्ये विरघळलेल्या, सीलमधून झिरपून बाहेर आल्यावर पेट्रोल उडालं आणि गोळी तिथेच उरली. झाकणाखालचं सील फुगून लाटा आल्यासारखं झालेलं, परत खाचेत बसेचना. आतली रेग्युलेटरची, म्हणजे प्रेशर राखणाऱ्या भागाची, ओ-रिंग (रबरी कडी) तर बोटाने दाबली की चिकट लागत होती, प्रेशर तिथूनच गळत होतं. पंपाची मोटर मात्र ठणठणीत.

मालकांना विचारलं, साहेब टाकीत काय टाकता? न लाजता सांगितलं, ॲसिटोनची बाटली आणि दोन डांबराच्या गोळ्या, म्हणे पेट्रोल पूर्ण जळतं आणि ॲव्हरेज वाढतो. आधी १०० मिली, फरक वाटला म्हणून ५०० मिली, तेही टाकी रिझर्व्हला आल्यावर, म्हणजे इंजेक्टर "नीट धुतले जातात". अहो, पाच लिटरमध्ये अर्धा लिटर ॲसिटोन म्हणजे रबराला आंघोळच की!

मी नेहमीचं सुरू केलं. गरम इंजिनात ९५ टक्क्यांच्या वर पेट्रोल आधीच जळतं, न जळलेलं वाचवून वाचवून किती वाचणार, खरा तोटा तर उष्णतेत जातो. ॲसिटोनमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या ७० टक्केच ऊर्जा. मिश्रण ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ठरवतो, बाटली नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि वही काढली.

वही बघून मी गप्प झालो. दर टाकीचे किलोमीटर, लिटर, तारीख, टायरची हवासुद्धा. आधी १५.२ चा ॲव्हरेज, बाटलीनंतर १८. खोटं बोलणारा माणूस असली वही ठेवत नाही. "मग हे कुठून आलं?" म्हणाले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री आमचं जॉब रजिस्टर चाळलं. त्यांची पहिली बाटली ५ तारखेची आणि ३ तारखेला आम्हीच त्यांच्या मागच्या डाव्या कॅलिपरची (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची) जॅम पिन सोडवलेली. चाक हाताने फिरत नव्हतं, पॅड सतत घासत होते. बिलावर काय लिहिलं होतं? "ब्रेक सर्व्हिस". बस. ग्राहकाला कोणी सांगितलंच नाही की गाडी इतके दिवस ब्रेक दाबूनच चालत होती. श्रेय बाटलीला गेलं आणि त्याला निम्मे जबाबदार आम्हीच.

सील, ओ-रिंग बदलली, टाकी धुतली, बाटली बंद. दोन टाक्यांनी साहेबांचा फोन, "१७.४ देतेय, बघा, कमी झाला." मी विचारलं, बाटलीवाल्या शेवटच्या टाकीला पेट्रोल किती? ३० लिटर, ५४० किलोमीटर. आणि बाटलीचा अर्धा लिटर त्यात धरला होता का? फोनवर शांतता. ५४० ला ३०.५ ने भागलं की १७.७. उरला ०.३ चा फरक, तो तर नोझल अर्धा लिटर आधी कट झाला तरी येतो.

"म्हणजे ०.३ बाटलीचं असू शकतं," साहेब म्हणाले.

असू शकतं. नाही कसं म्हणू? नुसत्या वहीवरून मला ते खोडता येत नाही, आणि परत बाटली ओतून बघा असं तर मी मुळीच सांगणार नाही. फुगलेलं सील मात्र टेबलाच्या खणात ठेवलंय, अजूनही वास येतो त्याला.