आज तुनं काही नही रे भाऊ

अमळनेरहून रात्री आठला सुटणारी पुण्याची स्लीपर गाडी मी चालवतो. धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत पहाटे पाचच्या सुमाराला पुण्यातला नाशिक फाटा. साधारण ४०० किलोमीटर. दिवसभर गाडी पुण्यात उभी, संध्याकाळी परत उलटी. २१ वर्षं झाली.

या गाडीत माणसांपेक्षा जास्त आयांचं सामान जातं. कळण्याचं पीठ, बिबडे, उडदाचे पापड, ठेचा, हिवाळ्यात भरिताची वांगी. पिशवीचं तोंड सुईदोऱ्याने शिवलेलं, वर मार्करने पोराचं नाव आणि मोबाईल नंबर. पहाटे फाट्यावर पोरं येतात, कोणी बाईकवर, कोणी पायी, डोळ्यांवर झोप. पिशवी घेतात आणि जातात. गाडी तिथे जास्त वेळ थांबवता येत नाही, त्यामुळे बोलायला ना त्यांना सवड ना मला.

एक पोरगा मात्र थांबायचा. हिंजवडीत कामाला, वय २६-२७. त्याची आई, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, दर गुरुवारी पिशवी आणून द्यायची. शुक्रवारी पहाटे हा उड्डाणपुलाखाली उभा. पिशवी खांद्याला लावायचा आणि क्लीनर बाकीच्यांचं सामान काढेपर्यंत माझ्या खिडकीशी येऊन विचारायचा, "नाना, बोरीले पानी उनं का?" कधी बोरी नदीचं पाणी, कधी कापसाचा भाव, कधी सखाराम महाराजांच्या जत्रेला किती गर्दी होती. आणि दर वेळी मागच्या आठवड्याचा धुतलेला डबा परत द्यायचा. डबा हलवला की आत खुळखुळ वाजायचं. मी आक्काला विचारलं तर ती म्हणाली, साखर शे. रिकामं भांडं परत देऊ नये, हे तिने त्याला लहानपणीच शिकवलेलं.

तीन-चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. मंगळवारची पहाट होती. गाडी फाट्यावर लावली तर हा उभा. मी यादी पाहिली, त्याचं नाव नव्हतं. मी खिडकीतून म्हटलं, "आज तुनं काही नही रे भाऊ."

तो म्हणाला, "माले माहीत शे."

एवढंच. मग विचारलं, पाऊस झाला का तिकडे. मी सांगितलं. मागून सिटीबसने हॉर्न मारला, मी गाडी काढली. आरशात पाहिलं तर तो गाडी वळेपर्यंत तिथेच होता. माझ्या जोडीदार ड्रायव्हरने नंतर सांगितलं की त्याची पाळी असते तेव्हाही हा असाच येतो. पार्सल नसताना. कधी गाडीतून उतरणाऱ्या कोणा म्हातारीची बॅग उचलून रिक्षेपर्यंत नेतो.

मी यावर फार विचार केला असं नाही, पण मला ते ओळखीचं वाटलं. महिन्यातले १५ दिवस मी पुण्यात असतो. २१ वर्षांत पुण्यात माझ्या ओळखीचे कोण, तर चहावाला, पंक्चरवाला आणि पार्किंगचा पावती फाडणारा. दुपारी गाडीच्या बर्थवर पडदे लावून झोपतो तेव्हा बाहेरून हजारो माणसं जात असतात. मी त्या गाडीत आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं.

अमळनेरला आक्का मला वेगळंच सांगायची. "मना पोऱ्याले येळ नही भाऊ, मोठी कंपनी शे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, अभिमान होता. आणि तो तिला फोनवर सांगायचा, मजेत आहे. दोघांच्या मधे गाडी चालवणारा मी एकटाच होतो ज्याला माहीत होतं की याला इतका वेळ आहे की तो पहाटे पाचला गाडी बघायला येतो. मी आक्काला काही बोललो नाही. उगाच तिच्या जिवाला घोर नको, असं वाटलं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

श्रावण लागला. त्या गुरुवारी आक्का पिशवी घेऊन आली ती जरा घाबरलेली होती. मंगळवारपासून फोन लागत नव्हता. रविवारी कानबाई. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि रोट होतात. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा, आणि ते रोट भाऊबंदकीतल्यांनीच खायचे, घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे हा एकच पदार्थ असा की जो माझ्या गाडीत कधी चढत नाही. त्यासाठी माणसालाच यावं लागतं. पोराने आधीच सांगितलं होतं, सुट्टी नाही. आक्का म्हणाली, "तरी त्यानी मूठ मी लिधी शे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन आठवडे डबा परत आलेला नाही. आदल्या शुक्रवारी तो आला होता, पिशवी घेतली होती, पण बोरीचं काही विचारलं नव्हतं. चेहरा उतरलेला होता. मी पाहिलं होतं आणि गाडी काढली होती.

शुक्रवारी पहाटे तो आला नाही. फोन बंद. आम्ही सात-आठ मिनिटं वाट पाहिली. पिशवी तशीच केबिनमध्ये ठेवून गाडी पार्किंगला लावली. एरवी अशी पिशवी संध्याकाळी परत जाते. त्या दिवशी मला झोप येईना. आठ वाजता मी आक्काला फोन केला, पत्ता विचारला. तिला पत्ता माहीत नव्हता. हिंजवडीच्या अलीकडे, एवढंच. एकुलत्या एका पोराचा पत्ता आईला माहीत नाही याचं मला आधी नवल वाटलं, मग वाटलं, पत्रं लिहायचीच नाहीत तर पत्ता कशाला लागतो. अर्ध्या तासाने शेजारच्या शाळकरी मुलीने मला फोटो पाठवला. पोराने आक्कासाठी ऑनलाइन मागवलेल्या बीपी मशीनचा खोका त्यांनी माळ्यावरून काढला होता, आतल्या बिलावर त्याचा वाकडचा पत्ता होता.

रिक्षा करून गेलो. १४ मजली इमारती, मोठं गेट. वॉचमन नांदेडकडचा, चांगला माणूस. त्याने नाव ऐकून नकारार्थी मान हलवली, फ्लॅटचा नंबर सांगितल्यावर ओळखलं. "दहा-शून्य-दोन." इंटरकॉमवर कोणी उचलेना. बाहेरच्याला वर सोडायचं नाही असा नियम. मी पिशवी दाखवली, आक्काचा फोन लावून दिला. त्याने मोबाईलवरच्या ॲपमध्ये पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "काका, या फ्लॅटला रोज जेवणवाला यायचा. मंगळवारपासून कोणी आलेलं नाही."

त्या ॲपला ते माहीत होतं. माणसांत कोणालाच नव्हतं. दहाव्या मजल्यावर समोरच्या घराची बेल मारली. एका ताईंनी दार उघडलं, म्हणाल्या, समोर बॅचलर मुलं राहतात, चार आहेत. चार नव्हतीच. एक बंगळुरूला गेला होता, एकाचं लग्न झालं, एक घरून काम मिळाल्यावर गावी परतला. सहा महिन्यांपासून आत एकटा हाच होता.

वॉचमन आणि मी बराच वेळ दार वाजवलं. मी जोरात ओरडलो, "अरे भाऊ, अमळनेरनी गाडी उनी!" मला दुसरं काही सुचलंच नाही. मग आतून कडी निघाली.

ताप होता. ओठ फुटलेले, दाढी वाढलेली. बोलायला गेला तर आवाजच निघेना, खाकरून दोनदा प्रयत्न केला. सोमवारपासून तो कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. ऑफिसला तब्येत बरी नाही असा मेसेज टाकला, तिकडून 'गेट वेल सून' आणि फुलाचं चित्र आलं. मंगळवारी फोन पाण्याच्या बादलीत पडला, बंद झाला, आणि दुरुस्तीला खाली उतरायची ताकद नव्हती. बिस्किटं आणि पाण्यावर होता.

मी आत पाणी आणायला गेलो आणि ओट्याशी थांबलो. मागच्या दोन्ही गुरुवारच्या पिशव्या तिथे ठेवलेल्या. टाके जसेच्या तसे. पहाटे पाचला उठून, फाट्यावर येऊन घेतलेल्या पिशव्या त्याने उघडल्याच नव्हत्या.

"काय व्हयनं रे?" मी विचारलं.

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "एकट्याला उघडवत नाही, नाना."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी त्याच्याच सुरीने तिन्ही पिशव्यांचे टाके कापले. जुन्यातल्या भाकरी टाकून द्याव्या लागल्या. नव्या पिशवीतली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली, वॉचमन दूध घेऊन आला होता. तिघं जमिनीवर बसलो. त्याने चार घास खाल्ले आणि मग रडला. मी त्याला थांबवलं नाही.

जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, डेंग्यू नव्हता, साधा ताप, पण अशक्तपणा फार. डॉक्टर बाईंनी तापाचं झाल्यावर आणखी विचारलं, झोप कशी आहे, जेवण कोणाबरोबर करतोस. शेवटच्या प्रश्नावर तो गप्प बसला. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे १४४१६ लिहून दिलं. मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायची सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. म्हणाल्या, हे ताप मोजण्यासारखंच आहे, लाजायचं नाही. मी तो नंबर माझ्या केबिनमध्येही लिहून ठेवला आहे.

संध्याकाळी त्याला गाडीत घेतलं. मागे बर्थ देत होतो, त्याने केबिनच मागितली. चाकण सुटलं आणि तो बोलायला लागला तो संगमनेरपर्यंत. दिवसभर कानाला हेडफोन लावून आठ-दहा जणांशी बोलायचं, पण सगळ्यांचे कॅमेरे बंद. लिफ्टमध्ये सगळे खाली मोबाईलमध्ये. जिममध्ये गेला, तिथेही तेच. शनिवार-रविवार सर्वांत वाईट, कारण त्या दिवशी काम नसतं. मी त्याला म्हटलं, अरे, भोसरी-चिखलीकडे आपली कितीतरी माणसं राहतात, तिकडे कानबाई बसवतात, मिरवणूक काढतात. तो तीन वर्षं तिथून १०-१५ किलोमीटरवर राहत होता आणि त्याला हे ठाऊक नव्हतं. सांगणारंच कोणी नव्हतं.

मला माझे काका आठवले. ते १९८० च्या सुमाराला सुरतला लूमवर गेले. आधी गावचा एक गेलेला, त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला. उधना, लिंबायतच्या एकेका गल्लीत अहिराणीशिवाय दुसरं ऐकू येत नसे. एका खोलीत दहा जण, पाळीपाळीने झोपायचे. हाल होते, पण कोणी कामावर आला नाही तर संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीला कळायचं. आता पोरगा इंटरव्ह्यू देऊन एकटाच निवडला जातो आणि एकटाच जातो. आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, तिचं आज हिंजवडीत मोठं ऑफिस आहे. कामही आमच्या गावातून तिकडे गेलं, पोरंही गेली. गल्ली तेवढी गेली नाही.

तो नाशिकच्या पुढे झोपला. माझी मुलगी धुळ्याला समाजकार्य शिकते. तिने मला जागतिक आरोग्य संघटनेचा जून २०२५ चा अहवाल वाचून दाखवला होता. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे आणि एकाकीपणामुळे वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, म्हणजे तासाला १०० च्या आसपास. त्यात तरुण पोरांना हा त्रास जास्त. तेव्हा मी ऐकून घेतलं होतं. त्या रात्री चांदवडचा घाट उतरताना हिशेब लागला. माझ्या गाडीत ३० बर्थ. म्हणजे पाच. रोज रात्री माझ्यामागे पाच जण तसे झोपलेले असतात आणि एक माझ्या शेजारी होता.

शनिवारी पहाटे अमळनेरला आक्का स्टँडवर उभी होती. पाऊस भुरभुरत होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, मला काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "डबा आना का?"

डबे वाकडलाच राहिले होते.

रोट खाऊन, पंधरा दिवस राहून तो परत गेला. नोकरी तिथेच आहे, ती सोडणं सोपं नाही. त्या नंबरवर त्याने दोनदा फोन केला, हे त्याने आपणहून सांगितलं. मी एक काम केलं. पारोळ्याचा एक पोरगा आणि धरणगावचा एक, दोघांच्याही पिशव्या गुरुवारच्याच असतात, दोघेही वाकड-थेरगावकडे राहतात, एकमेकांना ओळखत नाहीत. मी याला सांगितलं, दर शुक्रवारी तिघांनी उठायचं कशाला, त्यांच्याही पिशव्या तूच घे आणि पोचव. दोघांना याचा नंबर दिला. पहिल्या शुक्रवारी तीन पिशव्या बाईकवर कशा बांधाव्यात यावर त्याचं आणि क्लीनरचं पाच मिनिटं चाललं होतं, मागून हॉर्न वाजत होते, मी गाडी काढली नाही.

गेल्या शुक्रवारी त्याने तीन डबे परत दिले. शनिवारी दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पारोळ्याची आई होती. म्हणाली, आमचा पोरगा आजवर कधी डबाच परत पाठवत नव्हता. आता डबा आला, घासलेला आला, पण त्यात साखर कोणी टाकली?